मरळीच्या पोटातली बुळबुळ स्लाइडवर कशी टिकवायची

मासळी बाजारात जाताना फॉर्मॅलिनची, म्हणजे ऊती नासू न देणाऱ्या विषारी द्रावणाची, बाटली पिशवीतून वर डोकावू देऊ नका. २०१८ च्या पावसाळ्यात गोव्यात माशांना फॉर्मॅलिन लावतात म्हणून गदारोळ उठला होता, बातम्या इकडे भंडाऱ्यापर्यंत पोचल्या होत्या, आणि मी नेमकी त्याच दिवसांत लेबल लावलेली बाटली हातात घेऊन मरळवाल्या मावशीच्या पाटीपाशी उभी राहिले. एका गिऱ्हाइकाने लेबल वाचलं. पुढची दहा मिनिटं मी मासे नासवायला नाही, माशाची आतडी न्यायला आलेय, हे सगळ्या रांगेला समजावण्यात गेली. तोवर आतडी नासली. तेव्हापासून बाटली झाकणाच्या डब्यात आणि डबा कापडी पिशवीत. लेबल मात्र काढायचं नाही. विषारी द्रावण बिनलेबलाचं घेऊन फिरणं हा त्याहून मोठा गाढवपणा.

मी अठ्ठावीस वर्षं एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. शिकवणं माझं काम नाही. स्लाइड बिघडली की ती कुठे बिघडली हे सांगणं माझं काम. दरवर्षी एम.एस्सी.ची दोन-तीन पोरं माशाच्या पचनसंस्थेवर प्रकल्प घेतात, पुस्तकातली आकृती वहीत उतरवतात, आणि त्यांच्या स्लाइडवर अभिस्तराच्या (आतल्या पेशींच्या थराच्या) जागी नुसत्या चिंध्या दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. रंगवण्यात चूक होते असं सगळ्यांना वाटतं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ स्लाइड बाजारातच मेलेल्या असतात.

कारण साधं आहे. मरळ शिकारी आहे. तिच्या जठरात आम्ल आहे, प्रथिनं पचवणारं पेप्सिन आहे, आणि मासा मेला म्हणून ते काम थांबवत नाही. रक्त थांबलं, नवी बुळबुळ पाझरायची थांबली, की जठर स्वतःलाच पचवायला घेतं. सगळ्यात आधी जाते ती वरची श्लेष्म्याची, म्हणजे बुळबुळीची, साय, मग तिच्याखालच्या पेशींची टोकं. आपल्याला पाहायचंय तेच आधी जातं. म्हणून बर्फावर पडलेला समुद्री मासा या कामाला बाद. घोळ असो की सुरमई, तो बोटीतून उतरून आपल्यापर्यंत येईतो त्याच्या आतड्याचं आतलं अस्तर सुटलेलं असतं.

मरळ इथे उपयोगी पडते ती तिच्या श्वासामुळे. कल्ल्यांच्या वर तिला हवेतला प्राणवायू घ्यायची वेगळी जागा असते, म्हणून ती टोपलीभर ओल्या गवतातही तग धरते. आमच्याकडे मामा तलावांतली (जुन्या मालगुजारी तळ्यांतली) मरळ बाजारात जिवंतच येते. मावशीचं ठरलेलं वाक्य: "जित्ती हाये बाई, पाण्याभायेर काढली तरी घंटाभर मरत नाई." हे वाक्य म्हणजे आमच्या पद्धतीचा पाया.

आता परवानगीचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्गातलं विच्छेदन बंद केलंय, आणि ते बरंच झालं. पूर्वी एका वर्षात किती बेडूक जायचे ते मी मोजलेले आहेत. प्रकल्पासाठी मासा मारायचा असेल तर महाविद्यालयाच्या नैतिक समितीला आधी विचारा. पण बहुतेकदा मारायची गरजच नसते. बाजारात गिऱ्हाईक मरळ घेतं, मावशी ती तिथेच साफ करते, आणि आतडी बाजूच्या बादलीत जातात. त्या बादलीच्या आधी आपला हात पोचला पाहिजे, एवढंच. मावशीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. सकाळी गर्दीच्या वेळी नको, साडेदहाच्या सुमारास जा. पैसे द्या, बादलीतली वस्तू असली तरी तुम्ही तिचा वेळ घेताय.

सोबत काय न्यायचं? रुंद तोंडाच्या सहा छोट्या बाटल्या, प्रत्येकीत अर्ध्याच्या वर फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण. नवं ब्लेड. बोथट चिमटा. मेणाची किंवा थर्माकोलची पट्टी आणि टाचण्या. मिठाचं पाणी, लिटरला सात ग्रॅम. पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. पेन्सिलच हवी, कारण पेनाची शाई पुढे अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा बाटल्यांत सहा कोऱ्या चिठ्ठ्या तरंगत राहतात.

फिक्सेटिव्ह दोनपैकी एक. बफर फॉर्मॅलिन हवं असेल तर बाजारी फॉर्मॅलिन १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. किंवा बोइन्सचं द्रावण: पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण ७५ मिली, फॉर्मॅलिन २५ मिली, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ मिली. मला बोइन्स आवडतं. पेशींचे काठ रेखीव येतात, शिवाय दिसायला हळदीच्या पाण्यासारखं, बाजारात कुणी वळून बघत नाही. पण पिक्रिक आम्लाची बाटली कधी कोरडी पडू देऊ नका. सुकलेलं पिक्रिक आम्ल घर्षणाने स्फोट पावतं. कपाटात मागे विसरलेली, झाकणाशी पिवळे खडे जमलेली बाटली दिसली तर झाकण फिरवून बघू नका, विभागप्रमुखांना बोलवा.

मावशीने पोट चिरलं की घड्याळ बघा. दहा मिनिटांच्या आत सगळे तुकडे द्रावणात गेले पाहिजेत. माझा नियम कडक आहे: अकरावं मिनिट लागलं तर तो मासा सोडून द्यायचा, दुसऱ्याची वाट बघायची.

आतडी हातात आली की ओळख पटवा. तोंडाकडून येणारी आखूड, जाड, पांढुरकी नळी म्हणजे ग्रासनली. मग पिशवीसारखं लांबट जठर. जठर संपतं तिथे दोन बोटांसारख्या आंधळ्या नळ्या निघालेल्या दिसतील, ती अंधनाले. मरळीला ती दोनच असतात, म्हणून खूण पक्की. पुढे आतडं, आणि ते आखूड असतं. गवत खाणाऱ्या माशाचं आतडं उलगडता उलगडत नाही. मरळीचं ताणून धरलं तर तिच्या अंगाच्या लांबीलाही पुरत नाही. मांस पचायला सोपं, त्याला लांब रस्ता लागत नाही.

सहा तुकडे घ्या: ग्रासनली, जठराचा पुढचा भाग, जठराचं आतड्याकडचं टोक, एक अंधनाल, आतड्याची सुरुवात, आणि गुदाजवळचा शेवट. प्रत्येक तुकडा पाच मिलिमीटरच्या आत. मोठा घेतला तर द्रावण आतपर्यंत पोचायच्या आधी मधला भाग कुजतो.

इथे एक गोष्ट हात बांधून पाळायची. नळाखाली धुऊ नका. आत अन्न दिसतं, घाण वाटते, आणि पोरं बाटलीभर पाणी ओततात. त्या पाण्याबरोबर आपला प्रकल्प गटारात जातो. श्लेष्मा म्हणजे काही भिंतीला लावलेला रंग नव्हे, तो नुसता वर पसरलेला असतो. शिवाय साध्या पाण्यात पेशी फुगतात. जठर लांबीत चिरा, आतलं अन्न चिमट्याने अलगद उचला, आणि फार तर मिठाच्या पाण्याचे चार थेंब कडेने सोडा. पुसायचं नाही, खरवडायचं नाही, बोट लावायचं नाही.

पण अन्न काढायचं मात्र नक्की. एकदा एका मरळीच्या जठरात अख्खी छोटी मासोळी निघाली, शेपूट अजून चकचकीत, डोकं मात्र विरघळून बोळक्यासारखं झालेलं. मासोळी काढली, पण तिचा एक खवला घडीत राहिला. महिन्याने मायक्रोटोमवर, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, त्या खवल्याने नव्या पात्याला खाच पाडली आणि पुढच्या प्रत्येक सेक्शनवर (कापावर) उभी रेघ. वाळूचा कण, काटा, झिंग्याचं कवच, सगळ्यांची तीच तऱ्हा. चिरलेला तुकडा पट्टीवर आतली बाजू वर करून चार टाचण्यांनी हलका ताणा, नाहीतर स्नायू आकसून तुकड्याची सुरळी होते. मग पट्टी उलटी करून बाटलीत. तुकड्याच्या किमान दहापट, जमलं तर वीसपट द्रावण हवं.

फॉर्मॅलिनमध्ये चोवीस तास. बोइन्समध्ये बारा ते अठरा पुरतात, त्याहून जास्त ठेवलं तर ऊती ठिसूळ होते. बोइन्सनंतर ७० टक्के अल्कोहोलने धूत राहा, पिवळा रंग उतरेपर्यंत, दिवसातून दोनदा बदलून. या पायरीला कंटाळलेल्यांच्या स्लाइड मला लांबून ओळखू येतात.

पुढचं अल्कोहोल, झायलीन, मेण, म्हणजे तुकड्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरणं, हे कुठल्याही पुस्तकात आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. ७०, ९०, मग शंभर टक्क्यांचं दोनदा, प्रत्येकी तासभर. झायलीन दोनदा, वीस-वीस मिनिटं. ५८ ते ६० अंशांच्या वितळलेल्या मेणात तीनदा, तास-तास. फक्त दोन सूचना आमच्या हवेच्या. पावसाळ्यात शंभर टक्के अल्कोहोल शंभर राहत नाही, हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीच्या तळाशी भाजून पांढरा केलेला मोरचुदाचा थर घाला आणि वर गाळणकागद. मोरचूद निळा पडला की अल्कोहोल बदला. झायलीनमध्ये तुकडा टाकताच दुधाळ ढग दिसला तर पाणी राहिलंय. गुपचूप मागे अल्कोहोलमध्ये जा, पुढे रेटू नका. आणि मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, मेणाचे ब्लॉक, म्हणजे आत तुकडा बसवलेले ठोकळे, लोण्यासारखे होतात. कापण्याआधी वीस मिनिटं बर्फावर ठेवा. बर्फ अर्थातच मावशीकडचा.

पाच मायक्रॉनचे सेक्शन घ्या. ग्रासनलीचा स्नायू टणक असतो, तिथे सहा चालतील. एकामागोमाग जोडून निघणाऱ्या सेक्शनची फीत तुटत असेल तर ब्लॉकवर हळूच तोंडाची वाफ सोडा. पंचेचाळीस अंशांच्या पाण्यावर फीत सोडली की ती आधी सुरकुतते आणि मग साडीची घडी उलगडावी तशी सपाट होते. तेवढे तीन-चार सेकंद थांबा आणि मग स्लाइड खाली घाला. घाई केलीत तर सुरकुत्या तशाच चिकटतात आणि रंगवल्यावर त्या गडद रेघा पोरांना नवीनच ऊती वाटतात.

आता रंग. आधी एक स्लाइड हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीने करा, रचना समजायला. भिंतीचे थर आतून बाहेर मोजा: श्लेष्मल अस्तर, त्याच्याखाली सैल संयोजी ऊती, मग आतला गोल आणि बाहेरचा उभा स्नायू, शेवटी पातळ आवरण. ग्रासनलीचा स्नायू चाळीसच्या भिंगाखाली बघा, आडव्या पट्ट्या दिसतील. तो हातापायांच्या स्नायूसारखा पट्टेदार आहे, जठराचा गुळगुळीत. तोंडात धरलेला जिवंत बेडूक झटके देत असताना त्याला आत ओढायचंय, तिथे संथ स्नायू काय कामाचा?

जठरात खड्ड्यांच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी दाटीने बसलेल्या दिसतात. आपल्या जठरात आम्ल पाझरणारी पेशी वेगळी आणि पेप्सिनची वेगळी. माशात दोन्ही कामं एकच पेशी करते, म्हणून पुस्तकातल्या माणसाच्या आकृतीप्रमाणे दोन प्रकार शोधत बसू नका. आतड्याकडच्या टोकाला ग्रंथी नाहीशा होतात आणि स्नायू जाड होतो.

पण या रंगात श्लेष्मा जवळजवळ दिसत नाही. श्लेष्मा बनवणाऱ्या चषक पेशी (गॉब्लेट सेल) नुसत्या पांढऱ्या बुडबुड्यांसारख्या दिसतात, आणि पोरं वहीत लिहितात 'रिकाम्या पेशी'. रिकाम्या नाहीत, त्यांना रंग लागलेला नाही. त्यासाठी अल्शियन ब्ल्यू आणि पी.ए.एस. (परआयोडिक आम्ल आणि मग शिफचं द्रावण) ही जोडी. अल्शियन ब्ल्यू मूळचा कापड रंगवायचा रंग. १९५० साली स्टीडमन यांनी तो श्लेष्म्यासाठी वापरला. आम्लधर्मी श्लेष्मा तो निळा करतो. पी.ए.एस. उदासीन श्लेष्मा किरमिजी करतं. दोन्ही असतील तिथे जांभळा.

क्रम पक्का ठेवा, आधी निळा. मेण काढून स्लाइड पाण्यापर्यंत आणा. अल्शियन ब्ल्यू १ टक्का, ३ टक्के ॲसिटिक आम्लात, सामू २.५, अर्धा तास. वाहत्या पाण्यात पाच मिनिटं. परआयोडिक आम्ल ०.५ टक्के, दहा मिनिटं. ऊर्ध्वपातित पाण्यात खळबळून शिफच्या द्रावणात पंधरा मिनिटं. मग नळाच्या कोमट पाण्याखाली दहा मिनिटं. शिफमधून काढलेली स्लाइड फिकी गुलाबी असते, आणि पोरांचा चेहरा पडतो. पाण्याखाली धरून बघत राहा. मिनिटा-दोन मिनिटांत गुलाबी चढत जातो, जास्वंदीसारखा होतो. अठ्ठावीस वर्षांत त्या नळापाशी उभं राहायचा मला कंटाळा आलेला नाही. शेवटी हिमॅटॉक्सिलिन अर्धा मिनिट, जास्त नको; केंद्रकं गडद निळी झाली की अल्शियनच्या निळ्यात घोटाळा होतो.

शिफचं द्रावण फ्रिजमध्ये, गडद बाटलीत ठेवतात. ते जिवंत आहे का हे बघायला थोड्या फॉर्मॅलिनमध्ये त्याचे चार थेंब टाका. पटकन लालसर जांभळं झालं तर चांगलं. रेंगाळत निळसर होत गेलं तर फेकून द्या. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाही. अल्शियन दरवेळी गाळून घ्या आणि सामू कागदाने तपासा. सामू चढला की नको तिथेही निळं होतं.

आणि एक सोबतची स्लाइड हवीच. ग्लायकोजेनही (पेशींतला साखरेचा साठा) पी.ए.एस.ने किरमिजी होतं, मग हा श्लेष्माच कशावरून? एका स्लाइडवर, परआयोडिक आम्लाच्या आधी, स्वतःची थुंकी गाळून घाला आणि ३७ अंशांना अर्धा तास ठेवा. लाळेतलं अमायलेज ग्लायकोजेन खाऊन टाकतं, श्लेष्म्याला हात लावत नाही. धुऊन रंगवा, किरमिजी टिकला तर तो श्लेष्मा. तेच काम करणारं विकतचं डायस्टेस मिळतं, पण थुंकी फुकट आहे, आणि एप्रिलपासून आमची प्रयोगशाळा आपोआप ३७ अंशांना असते. पोरं हसतात, नाकं मुरडतात, पण ही पायरी कुणी विसरत नाही. शिवाय मटणाच्या दुकानातून बोकडाच्या आतड्याचा तुकडा आणून त्याची एक स्लाइड सोबत रंगवा. त्यातल्या चषक पेशी निळ्या झाल्या नाहीत तर दोष तुमच्या रंगात आहे, मरळीत नाही.

आता बघायचं काय. ग्रासनलीत पेशींचे अनेक थर आणि त्यांत चषक पेशींची गर्दी, निळ्या, जांभळ्या, काही किरमिजी. माशाला लाळग्रंथी नसतात. मरळ चावत नाही, दातांनी नुसती धरते आणि गिळते. काट्यांसकट, पंखांसकट जाणाऱ्या त्या घासाचं वंगण इथेच तयार होतं. दाट, आम्लधर्मी श्लेष्मा सरकायला मदत करतो.

जठरात दृश्य एकदम बदलतं. चषक पेशी गायब. पृष्ठभागावरची प्रत्येक स्तंभी पेशी स्वतःच टोकाशी श्लेष्मा भरून बसलेली, आणि सगळ्यांची टोकं मिळून एक सलग किरमिजी किनार, पैठणीच्या काठासारखी. निळा जवळजवळ नाही. हा उदासीन श्लेष्मा जठराचं स्वतःच्याच आम्लापासून रक्षण करतो. बाजारात दहा मिनिटं हुकली होती का, याची परीक्षाही हीच किनार. ती तुटक असेल, पेशी एकेकट्या मधल्या पोकळीत तरंगत असतील, तर स्लाइड ठेवू नका.

अंधनाल आणि आतडं दिसायला सारखेच: घड्या, एकेरी स्तंभी पेशी, वरच्या टोकाला बारीक किरमिजी रेघ, आणि मधून मधून चषक पेशी. गुदाकडे जाताना त्या वाढत जातात, कारण शेवटी उरतात ती हाडं, खवले, न पचलेला चोथा, आणि त्यांना घर्षणाशिवाय बाहेर ढकलायचं असतं. मोजायच्या असतील तर घडीच्या ठरावीक लांबीवर मोजा, किमान तीन माशांच्या, प्रत्येकी पाच जागी. डोळ्यांनी 'भरपूर' म्हणणं चालणार नाही. कधी जाड भिंतीची, आत काड्या भरल्यासारखी पेशी दिसेल. ती दंडपेशी, एकोणिसाव्या शतकात तिला परजीवी समजले होते. तिला चषक पेशींत मोजू नका.

आणि जठराच्या स्लाइडवर ठसठशीत निळ्या चषक पेशी दिसल्या तर? चार वर्षांपूर्वी एक मुलगी धावत आली, "ताई, मरळीच्या जठरात गॉब्लेट सेल सापडल्या!" मार्गदर्शक सरही खूश झाले, शोधनिबंधाची भाषा सुरू झाली. मी ब्लॉक मागवून घेतला. त्या वेळी आम्ही सहाही तुकडे एकाच बाटलीत टाकायचो आणि दोऱ्याच्या गाठींनी ओळखायचो, जठराला तीन, आतड्याला चार. चौथी गाठ अल्कोहोलमध्ये सुटली होती. त्यानंतर सहा तुकड्यांना सहा बाटल्या.